निळीचा सापळा

माझ्या बहिणीचं, सुनीताचं, लग्न जमता जमता मोडायची वेळ आली ती केवळ माझ्या हुशारीमुळे.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात औरंगाबाद चारी दिशांनी वाढत होतं आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढं! गच्चीवरचा आमचा ड्रम रोज तीन-चार बादल्या खाली जायचा. चोरी! नेमका तेव्हाच मी क्रांती चौकाजवळच्या टॉकीजात एका धांदरट गुप्तहेराचा सिनेमा पाहिला होता. (दोनदा. आत एसी होता.) दुपारभर कूलरपुढे पाय पसरून मी या केसचा विचार करायचो. शेवटी एका सकाळी गुपचूप ड्रममध्ये नीळ ओतली. आता चोराचे कपडेच बोलणार होते!

पहिला संशय शेजारच्या सलीमचाचांवर. गाठलंच त्यांना.

"चाचा, लुंगी दिखाओ!"

"क्या मियाँ, धूप सर पे चढ गई क्या?"

लुंगी निळीच होती. पण ती मुळातच निळी होती, दहा वर्षांपासून! मी ओशाळून घरी आलो, तर दारात गंगापूरची मंडळी हजर. सुनीताला बघायला! मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. मुलगा चांगला होता, सुनीताच्याही फोटोवरूनच मनात भरला होता.

आई म्हणाली, "अरे, बघत काय बसलास? कूलर लाव की! पाव्हणे घामाघूम झालेत."

मी मोठ्या अदबीनं कूलर फुल केला. त्यातून थंडगार तुषार उडाले आणि पाहुण्यांचा सदरा बघता बघता निळ्या ठिपक्यांनी भरून गेला.

पोह्यांचा ट्रे धरलेली सुनीता दात ओठ खात म्हणाली, "दादा, होळीला ड्रममधून कूलरला नळी कुणी जोडली होती रे?"

मी! पाणी पीत होता कूलर आणि त्याच्यापुढे लोळत होतो मी. सगळं कबूल करून टाकलं. सुनीताचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाच्या वडिलांनी सदऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आमच्यात लग्नाआधी हळद लावत्यात. तुमच्यात नीळ लावायची चाल हाय व्हय?"

आणि ते असे हसले, असे हसले, की लग्न तिथंच ठरलं!

लग्नात कानपिळीला मी ऐटीत नवरदेवाचा कान धरायला गेलो. व्याही ओरडले, "थांबा! आधी चोराचा कान पिळा!"

सलीमचाचा तयारच होते. माझा कान लालबुंद होईपर्यंत त्यांनी पिळला. चोर सापडला, शिक्षाही झाली. तपास मात्र माझाच होता!