आमदार आमचे भाऊबंद कसे झाले

आता हे सगळं खरं आहे, कानबाईच्या पाटाला हात लावून सांगतो. म्हणजे पाट इथं नाही, त्यामुळं हात या टेबलालाच लावतोय. आणि कोण काय बोललं ते शब्दाला शब्द तसंच बोललं, असंही मी म्हणणार नाही. पण मी जो घोळ घातला तो अगदी तेवढाच घातला. त्यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

आमचं गाव कोरीटच्या पुढं. गाव आणि सडक यांच्या मधे एक नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यात शेळीसुद्धा थांबत नाही. पावसाळ्यात मात्र असा फुगतो, की आम्ही अजून हिंदुस्थानात आहोत की नाही हे पोस्टमननं ठरवायचं. आणि पोस्टमन काही यायचा नाही.

त्या साली माझं लग्न ठरता ठरता राहिलं होतं. मुलगी सडकेवरच्या गावातली. विमल नाव. एका लग्नात ती पंगतीत वांग्याची भाजी वाढत होती. मला वांगं आवडत नाही. त्या दिवशी मी इतकं वांगं खाल्लं, की शेजारच्या माणसानं मला विचारलं, घरी मिळत नाही का?

जात एक, कुळं वेगळी, पत्रिका जुळलेली. अडलं ते नाल्यात.

विमलचे वडील नथ्थू जिभाऊ. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात. ते आमच्या ओट्यावर बसले होते. माझे वडील, म्हणजे आबा, गावचे सरपंच. ते म्हणाले, "जिभाऊ, पोऱ्या चांगला शे." हे म्हणताना त्यांना जरा जड गेलं, ते मला दिसलं.

"पोऱ्याले मी कोठे नाव ठेवी ऱ्हायनू?" जिभाऊ म्हणाले. "नालाले नाव ठेवी ऱ्हायनू. पावसायामा मन्ही आंडेर विमल तिन्ही मायले भेटाले कशी येई? पोहत येई का?"

"मी पोहत घेऊन येईन," मी म्हणालो.

"तू चूप ऱ्हाय," आबा म्हणाले.

"नालावर फरशी व्हऊ द्या," जिभाऊ उठता उठता म्हणाले. "फरशी व्हयनी का दुसरा दिन साखरपुडा."

फरशी म्हणजे तुमच्या घरातली नव्हे. नाल्यावरचा बुटका पूल, त्याला आम्ही फरशी म्हणतो. आता माझं लग्न त्या फरशीवर येऊन उभं राहिलं, आणि फरशी होती आमदारांच्या हातात.

हे आमदार जिभाऊंचे चुलतभाऊ. हे तुम्ही लक्षात ठेवा. मलाही माहीत होतं, पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं ही दोन वेगळी खाती आहेत.

आमदार साहेब दर श्रावणात मतदारसंघात फिरायचे. गावोगाव सभा घ्यायची, वर्षभरात काय केलं ते सांगायचं, पुढच्या वर्षी काय करणार ते सांगायचं. त्यांची एक पद्धत होती. झालेली कामं डाव्या हाताच्या बोटांवर, होणारी कामं उजव्या हाताच्या. एक बोट मिटलं की एक काम. लोक भाषण ऐकायचे नाहीत, बोटं बघायचे. सभेवरून घरी आलेल्या माणसाला बायको विचारायची, "आपलं काम कोणत्या हातावर शे?"

त्या साली बातमी अशी, की तालुक्यात एकच फरशी होणार. आम्हालाही हवी होती आणि शेजारच्या बोरखेड्यालाही. बोरखेड्याची बाजू जड होती, कारण त्यांच्या नाल्यात एक म्हैस वाहून गेली होती. आमच्या म्हशी समजूतदार. पाणी बघून परत फिरायच्या. आयत्या वेळी म्हैस वाहवायची तरी कशी?

आणि साहेब आमच्या गावी आले ते नेमके कानबाईच्या सोमवारी.

तुम्ही देशावरचे, तुम्हाला कानबाई माहीत नसणार. श्रावणात आमच्याकडं घरोघर कानबाई बसते. रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर नेऊन विसर्जन. तिच्या नैवेद्याला जाड, गोड पोळ्या करतात, त्यांना रोट म्हणायचं. या रोटांचा नियम कडक. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. जावयाला नाही, पाहुण्याला नाही, कलेक्टर आला तरी नाही. उरले तर खड्डा करून पुरतील, पण बाहेर जाऊ देणार नाहीत.

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. रोट खातो तो भाऊबंद. भाऊबंद असतो तो घरचा. घरच्या माणसानं फरशी मागितली तर आमदार नाही कसं म्हणतील? म्हणजे आमदारांच्या पोटात एक रोट गेला, की नाल्यावर फरशी, आणि फरशीवरून विमल. मला ही योजना इतकी सरळ वाटली, की आजवर कुणाला सुचली कशी नाही याचंच नवल वाटलं.

साहेब याला फसतील का, ही शंका होती. पण ते लहानपणापासून बडोद्याला बोर्डिंगात, मग तुरुंगात, मग मुंबईला. त्यांना सगळे कायदे माहीत होते. स्वयंपाकघरातला एकही माहीत नव्हता.

दुपारी साहेब जीप पलीकडं ठेवून, धोतर गुडघ्याच्या वर धरून नाला ओलांडून आले. सोबत नथ्थू जिभाऊही. जिभाऊ ओट्यावर आबांशी बोलत बसले, त्यांना उपास होता. साहेबांचं पान आत मांडलं. आईनं त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला होता. वरण, भात, साध्या पोळ्या. रोट आतल्या खोलीत झाकून ठेवलेले. वाढायला मी.

मी आत गेलो, पोळ्या तिथंच ठेवल्या आणि रोट घेऊन आलो.

"ही पोळी जाड आहे," साहेब म्हणाले.

"आमच्याकडं जरा जाडच असते."

त्यांनी खाल्ला. मग दुसरा मागितला. मी म्हणालो, "साहेब, पुढं भाषण आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "रिकाम्या पोटी माणूस भलतंच खरं बोलून जातो."

हात धुताना मी त्यांच्या हातावर पाणी घालत हळूच म्हणालो, "साहेब, तुम्ही खाल्ला तो कानबाईचा रोट होता. आमच्यात रोट खाल्ला की माणूस भाऊबंद होतो. आता तुम्ही आमचे. आपल्या नाल्याचं तेवढं बघा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे जरा ओले झाले. माणूस भला होता, हेच माझं दुर्दैव.

सभा मारुतीच्या पारावर. पुरुष पुढं, बाया देवळाच्या भिंतीशी. साहेबांनी डावा हात वर केला. वर्षभरात विधानसभेत शेतसाऱ्यावर बोलले, एक बोट. शाळेला पत्रे मिळवले, दुसरं. दवाखान्याला नर्स आणली, तिसरं. विहिरी, चौथं. अंगठ्याला काही काम नव्हतं, तो त्यांनी तसाच ठेवला. खोटं बोट मिटायचं नाही, एवढा त्यांचा बाणा होता.

मग उजवा हात. पहिलं बोट, हायस्कूल. दुसरं, वीज. बोरखेड्याची दोन माणसं मागं उभी होती, ती पुढं सरकली. साहेब तिसऱ्या बोटापाशी थांबले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं तुमच्यात फिरतो. पण आज सरपंचांच्या घरात मला जे मिळालं ते कुठंच मिळालं नव्हतं. या घरानं मला कानबाईचा रोट वाढला. मला भाऊबंद मानलं. आता भावानं मागावं आणि भावानं नाही म्हणावं, हे व्हायचं नाही. यंदाची फरशी तुमच्या नाल्यावर."

आणि तिसरं बोट मिटलं.

टाळी एकच पडली. ती माझी होती.

बाया भिंतीपासून उठल्या. आबांनी टोपी काढली आणि परत घातली. आई बायांमधून सरळ पुढं आली, साहेबांच्या समोरून, माझ्यापाशी.

"तू काय वाढं रे त्यास्ले?"

"रोट."

"आपला?"

"हो."

आई काही बोलली नाही. माझी आई बोलत नाही तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा घरी जातात.

साहेबांना काही कळेना. "काही चुकलं का, वहिनी?"

"चुकनं ते चुकनं," आई म्हणाली. "बाहेरना मानूसनी रोट खादा तर कानबाई कोपस. घरना मानूसनी खादा तर परसाद. तुम्ही आते घरनाच. दुसरा इलाज नही."

"मला आनंदच आहे," साहेब म्हणाले. हे ऐकून मलाही आनंद झाला. अगदी हेच तर मी ठरवलं होतं. मी नथ्थू जिभाऊंकडं बघितलं. म्हटलं, आता साखरपुड्याचं बोलतील.

जिभाऊ बोटं मोजत होते. आमच्या भागात त्या दिवशी सगळेच बोटं मोजत होते.

"आमदार मन्हा भाऊ," जिभाऊ म्हणाले.

"हो," आबा म्हणाले.

"आते तो तुमना बी भाऊ."

"हो."

"मंग तुमना पोऱ्या मन्हा कोन?"

मी मनातल्या मनात जावई म्हणून बघितलं. बसेना.

"पुतन्या," आई म्हणाली. "आनि विमल यान्ही बहीन."

बघा, मी कुणाला काही विचारायच्या आत मला बहीण झाली.

मी साहेबांकडं धाव घेतली. म्हणालो, साहेब, तुम्ही कायदे करता, यातून काहीतरी काढा. साहेबांनी चष्मा पुसला. विवाहाचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. "कायद्यानं काहीच अडचण नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रोट खाऊन रक्ताचं नातं होत नाही."

"कायदा तुमना मुंबईले," आई म्हणाली. "आठे कानबाई शे."

"पण मला माहीत नव्हतं, वहिनी. मी नकळत खाल्ला."

"दुसराबी नकळतच मांगा का?"

विधानसभेत त्यांना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नसावा. ते माझ्या कानात म्हणाले, "सरकार असतं तर मी पाडलं असतं रे. ही तुझी आई आहे."

मी म्हणालो, "मग फरशी तरी बोरखेड्याला देऊन टाका." म्हटलं, भाऊपण परत घेता येईल. पण साहेब बोट उघडायला तयार नाहीत. एकदा मिटलेलं बोट त्यांनी आजवर उघडलं नव्हतं. बोरखेड्याची माणसं मात्र माझ्याकडं मायेनं बघत होती. तेवढा एकच आधार.

फरशी झाली. श्रमदान होतं. मी सरपंचाचा मुलगा, शिवाय आमदारांचा पुतण्या, म्हणून सगळ्यात पुढं मी. टोपल्या वाहून खांदे सोलले. माझा दोस्त पंडित, आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो, त्यानं एक दगड उचलला नाही. श्रमदानाच्या दिवशी त्याच्या पाठीत उसण भरली होती.

पुढच्या श्रावणात साहेब जीप थेट पारापर्यंत घेऊन आले. डाव्या हाताचं पहिलंच बोट, फरशी. टाळ्या पडल्या. मग उजवा हात. पहिलं बोट मिटून ते म्हणाले, "आणि यंदा आपल्या घरात कार्य आहे. विमलचं लग्न."

कुणाशी? विचारू नका. बरं, विचारा.

नथ्थू जिभाऊंनी विचार केला, की गाव चांगलं, पाणी गोड, नाला तर आता मिटला. पोर द्यायला हरकत काय? फक्त सरपंचाचं घर सोडून. ते भाऊबंदांचं. मग दोन घरं पुढं गेले, पंडितकडं. कूळ वेगळं, पत्रिका जुळली. माझीसुद्धा जुळली होती, पण ते आता कुणाला आठवत नव्हतं.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. विमलला सख्खा भाऊ नाही. भटजी म्हणाले, भावाला बोलवा. सगळे इकडं तिकडं बघायला लागले. मी मांडवाच्या खांबामागं होतो.

"अरे, भाऊ आहे की," आमदार साहेब म्हणाले आणि मला हाताला धरून पुढं नेलं. घरचा माणूस कुणी विसरलेला त्यांना खपत नसे.

मी कान पिळला. जरा वेळ पिळला. पंडित कळवळून म्हणाला, "अरे, सोड ना आता." मग रीतीप्रमाणं त्यानं मला मानाची टोपी दिली. विमलनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, "दादा, जेवून जा."

जेवायला वांगं होतं.

आता ती राहते दोन घरं सोडून. बहीण लांब दिली असती तर वर्षातून एकदा आली असती. ही रोज येते. विरजण मागायला येते, पंडितची तक्रार सांगायला येते, आणि राखीला तर उजाडायच्या आत ताट घेऊन दारात उभी. परवा राखी आहे. यंदा तिला ओवाळणीत इरकल पाहिजे, काठ तिनं स्वतः दुकानात जाऊन निवडून ठेवलाय. दुकानदार म्हणाला, भावाचं नाव सांगून गेलीय.

तेव्हा या चहाचे तेवढे तुम्ही देऊन टाका. भज्यांचेही. ती मीच मागवली होती, पण तेव्हा मला इरकलची आठवण नव्हती.