इंदूताईंच्या पायाची पाळी

किस्से कुणी जमवायला जात नाही. दुपारचा चहा उशिरा आला की एखादा किस्सा आपोआप जमतो, आणि आमच्याकडे चहा रोजच उशिरा येतो. त्यामुळे रायपूरच्या तेलीबांधा तलावापलीकडच्या या वृद्धाश्रमात, व्हरांड्यातल्या चार खुर्च्यांवर बसून, आम्ही किश्श्यांच्या बाबतीत चांगलेच गब्बर झालो आहोत.

एक खुर्ची माझी. मी रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेला. दुसरी वानखेडेंची, ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. तिसरी निर्मलाताईंची, त्या शाळेत गणित शिकवायच्या. चौथी तात्यापारा मोहल्ल्यातल्या इंदूताईंची. या चौथ्या खुर्चीला एक जुनी ओढणी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक इंदूताईंच्या पायाला असतं. तेव्हा हे सगळे किस्से तसे त्या ओढणीचेच.

*

इंदूताईंना चालायची सवय. संध्याकाळ झाली की "घरी दिवा लावाचा आहे" म्हणत त्या फाटकाकडे निघायच्या. एकदा फाटकाजवळ अडखळल्या. त्यांना काही लागलं नाही, पण मॅनेजरला घाम फुटला. या मॅनेजरला सगळे भैया म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ओढणी आली.

मी विचारलं, "भैया, ये क्या है?"

"सीट बेल्ट है, अंकल. सेफ्टी के लिए."

"गाडी कहाँ जा रही है?" वानखेडेंनी चौकशी केली.

भैया हसला नाही. मोठ्या मनाने त्याने समजावून सांगितलं, "एक ही पैर रोज नहीं बाँधते, अंकल. आज दायाँ, कल बायाँ. बारी-बारी से. ब्लड सर्क्युलेशन का भी सोचना पड़ता है ना."

माणसाचा इतका विचार करणारं खातं मी रेल्वेतही पाहिलं नव्हतं.

*

बांधलेल्या माणसाला पाणी लागतं, बाथरूमला जावं लागतं. त्यासाठी आश्रमात घंटी आहे. ती भिंतीवर, दाराच्या वरच्या अंगाला बसवलेली आहे. तिथपर्यंत आमच्यातले फक्त वानखेडे पोचतात, तेही स्टुलावर चढून.

निर्मलाताईंनी भैयाला विचारलं, "घंटी खुर्चीजवळ काहून नाही लावली?"

"पास में लगाई थी, आंटी," भैया म्हणाला. "लोग बजाने लगे."

*

इथे सगळ्या पुरुषांचं नाव बाबू आणि सगळ्या बायकांचं नाव बेबी. जेवण भरवणारी पिंकी स्वभावाने गोड पोरगी आहे, पण तिला हेच शिकवलेलं. वानखेडेंचा हात थरथरतो म्हणून ती चमचा पुढे करायची, "आ करो बाबू, चिड़िया आई."

एक दिवस वानखेडेंनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मग म्हणाले, "पोट्टी, माझ्या शिट्टीवर अख्खी शिफ्ट हालत होती. मले बाबू नको म्हणू. वानखेडेसाहेब म्हण."

पिंकीला ते मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी तिने चमचा पुढे केला, "आ करो, साहेब बाबू."

*

इंदूताईंचा पुतण्या सतीश नवा रायपूरला एका ऑफिसात आहे. तो आला की भैया शेजारी खुर्ची टाकून बसतो, दोघांना एकटं सोडत नाही. शेवटी मी भैयाच्या तोंडावरच सांगितलं, "सतीश, तुझ्या काकूले बांधून ठेवून राहिले हे लोक. पाय पाहून घे."

"भैया ने बताया है, अंकल," सतीश म्हणाला. "गिर गईं तो कौन देखेगा? और देखिए, कितनी शांत हो गई हैं." मग त्याने काकूसोबत सेल्फी काढला. कमरेच्या वरचा.

दुसऱ्या दिवसापासून माझा पेपर येईनासा झाला. पेपरवाला गावी गेला आहे, असं भैया म्हणाला. वानखेडेंचा पेपर मात्र त्याच पेपरवाल्याकडून रोज येत होता.

*

मग निर्मलाताईंनी डोकं लावलं. त्यांची मुलगी पुण्याहून दर रविवारी फोन करते. फोन स्पीकरवर असतो आणि हातात भैयाच्या. उघड काही बोलायची सोय नाही. म्हणून त्या म्हणाल्या, "बेटा, तुझ्या शैलामावशीचं सासर आठवते ना? अगदी तसंच आहे इथं."

या शैलामावशीला सासरी बाहेरून कडी घालून ठेवायचे. ती मागच्या दाराने पळून माहेरी आली होती. त्यांच्या पिढीतल्या साऱ्या नातलगांना ही गोष्ट ठाऊक आहे.

मुलगी तिकडून म्हणाली, "वाव मम्मी, मौसी का ससुराल तो कितना बड़ा था ना! चलो, टेन्शन गया."

तेव्हापासून भैया येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो, की आमच्याकडे अगदी मौसी के ससुराल जैसा माहौल आहे.

*

एकदा एका संस्थेच्या बाई स्टाफला ट्रेनिंग द्यायला आल्या. विषय होता, म्हाताऱ्या माणसांचा छळ कसा ओळखावा आणि कसा थांबवावा. कार्यक्रमात डिस्टर्ब नको म्हणून आम्हाला खोल्यांत बसवून बाहेरून कड्या घातल्या.

निर्मलाताईंची खोली हॉलला लागून, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं. अंगावर वळ दिसणं, उत्तर देताना स्टाफच्या तोंडाकडे बघणं, आणि बोलकं माणूस अचानक गप्प होणं, अशी लक्षणं बाई सांगत होत्या. निर्मलाताई आतून दार ठोकायला लागल्या.

"ये आवाज़ कैसी?" बाईंनी विचारलं.

"कारपेंटर लगा है, मैडम," भैया म्हणाला. "बुज़ुर्गों के लिए ही काम चल रहा है."

*

इकडे इंदूताई खरंच गप्प झाल्या होत्या. एकदा पिंकी ओढणी बांधायला विसरली, तरी त्या फाटकाकडे बघत बसूनच राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि राग त्याहून जास्त आला. चालणं सुटलं की ही बाई जाणार, हे आम्हा तिघांना दिसत होतं. आणि ऐकायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे मातृ-पितृ पूजन असतं. शाळांमध्ये पोरं आईबापांचे पाय धुतात. आश्रमात पाहुणे येऊन आमचे धुतात आणि फोटो काढतात. या वेळी कुठल्याशा ऑफिसातल्या मोठ्या मॅडम येणार होत्या. भैयाने सकाळीच सगळ्यांना मोजे चढवले. आम्हा तिघांना खांबाआड बसवलं. आणि पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, इंदूताईंना. कारण सगळ्यांत शांत त्याच.

मॅडम परात घेऊन खाली बसल्या. भैया वाकून म्हणाला, "मोज़े के ऊपर से ही छींटा मार दीजिए, मैडम. फोटो में एक जैसा आता है."

"मैं मोज़े पूजने नहीं आई हूँ," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी उजव्या पायाचा मोजा स्वतः उतरवला. घोट्याभोवती काळानिळा वळ होता. त्यांचा हात थांबला. फोटोग्राफरचा थांबला नाही.

"ये क्या है?"

"पायल का निशान है, मैडम. पुराने लोग हैं ना."

वानखेडे ताडकन उठायला लागले. निर्मलाताईंनी त्यांचा सदरा धरून ठेवला. तेवढ्यात इंदूताई बोलल्या, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा. बोलता बोलता त्यांनी डावा पाय मोज्यासकट परातीत ठेवला.

"इसको भी धो दे, बेटी. इसकी बारी कल है."