दहा दिवसांचा ब्लॉक

तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, नाशिक शहरात इंदिरानगर येथे माझ्या मालकीचा ब्लॉक कधीही नव्हता. सदर ब्लॉकची दिशा, मजला, नळाला पाणी येण्याची वेळ आणि गॅलरीतून दिसणारं दृश्य यांविषयी नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही इसमांनी जी माहिती पसरवली, ती संपूर्णपणे निराधार होती. त्या इसमांत माझी आई आणि माझी आत्या यांचा समावेश होतो. कोणाची हरकत असल्यास दोघींशी परस्पर बोलावं. मी मध्ये पडणार नाही.

आता नोटीस बाजूला ठेवून नीट सांगतो.

त्या वर्षी देशात मंदी आली होती. मी सत्तावीस वर्षांचा होतो, अंबडच्या एका कारखान्यात ट्रकचे गिअर तपासायचो आणि पर्मनंट होतो. लग्नाच्या बाजारात तेव्हा रंग, उंची, नाक हे सगळं पर्मनंटच्या मागे रांगेत उभं असे. पण ट्रक खपेनात, म्हणून गिअर नकोत, आणि गिअर नकोत म्हणून ते तपासायला मीही नको. कंपनीने फळ्यावर सूचना लावली : दर महिन्याला सलग दहा दिवस ‘ब्लॉक क्लोजर’. म्हणजे गेटला कुलूप, अर्धा पगार, घरी बसा.

‘क्लोजर’ हा शब्द कानाला अशुभ लागायचा. आमच्या गल्लीने तो पहिल्याच दिवशी गाळून टाकला. उरला नुसता ब्लॉक.

“तुमच्या ह्यांना मिळाला का हो ब्लॉक?”

“मिळाला ना, सोमवारपासून.”

बायका इतक्या ठसक्यात बोलायच्या, की एखाद्याला वाटावं कंपनीने पदकं वाटली.

अर्ध्या गल्लीतले पुरुष घरी बसले आणि अर्थशास्त्राला नुसता ऊत आला. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणे, देशाची हालत बघायची तर पेपर कशाला वाचता, गाल बघा. आठवड्याला दोनदा येणारा माणूस आता दहा दिवसांनी येतो आणि वर विचारतो, मिशी फुकट कोरशील का. माझे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते देश त्यांच्या निवृत्तीपर्यंत अगदी व्यवस्थित चालला होता. सगळ्यात पक्कं मत मात्र शेजारच्या काकूंचं. “मंदी म्हणजे काय ते मला विचारा,” त्या म्हणायच्या. “मंदी म्हणजे हा माणूस दिवसभर स्वयंपाकघरात. डब्यांची झाकणं उघडतो आणि विचारतो, यात काय आहे? वीस वर्षं त्या डब्यात रवाच आहे!”

मी मात्र काळजीत होतो, कारण माझं लग्न अडलं होतं. आत्या नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ राहायची. भाजीबाजारात तिची एका बागायतदाराशी ओळख होती. मखमलाबादच्या बाजूला त्यांची टोमॅटोची, कोथिंबिरीची आणि झेंडूची शेती. त्यांची मुलगी बी. कॉम. झालेली. मी तिला आत्याच्या घरी एकदा पाहिलं होतं, आणि मला दुसरी पाहायची नव्हती. पण तिचे वडील दोन महिने एकच प्रश्न विचारत होते : पोरगा परमनंट हाय ना नक्की?

अशात आत्याने द्वारकेच्या चौकातून, रुपया टाकायच्या फोनवरून, आमच्या शेजारी फोन लावला. आई धावत गेली. “काय म्हणतोय मुलगा?” आत्याने विचारलं. कंपनी बंद आहे असं नणंदेला सांगणं आईच्या जिवावर आलं. ती भारदस्त आवाजात म्हणाली, “कंपनीकडून ब्लॉक मिळालाय त्याला.” पुढे तिने “दहा दिवसांचा” असंही जोडलं होतं, हे ती आजही शपथेवर सांगते. पण द्वारकेच्या चौकात त्याच क्षणी कुठल्याशा ट्रकने हॉर्न दाबला. ज्या ट्रकांनी माझी नोकरी अडवली, त्यांनीच माझं घर बांधलं.

कारण तेव्हा फ्लॅटला कोणी फ्लॅट म्हणत नसे. स्वतःचा संडास-बाथरूम असलेलं, दाराला लॅच असलेलं घर म्हणजे ब्लॉक. आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. आत्याने त्याच संध्याकाळी बाजारात जाहीर केलं, की भाच्याला कंपनीने इंदिरानगरला ब्लॉक दिला. इंदिरानगर आणि गॅलरी ही भर तिच्या पदरची.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी ओसरीवर लुंगीत बसून मेथी निवडत होतो. समोर आत्या उभी. तिच्यामागे पांढरी टोपी घातलेले ते बागायतदार आणि त्यांच्यामागे चक्क मुलगी. “घर बघायचं तर बाईमाणूस पायजे,” मुलीचे वडील म्हणाले, “म्हणून हिला आणली.” मी मेथीसकट आत पळालो आणि पँट चढवून आलो, तोवर आईने चहा टाकला होता आणि बोलणी सुरूही झाली होती.

“मग ब्लॉक मिळाला म्हणायचा,” पाहुणे म्हणाले.

“मिळाला की,” आई म्हणाली. “हा दुसरा चालू आहे. पुढच्या महिन्यात तिसरा देणार म्हणतात.”

पाहुण्यांचा कप हवेत थांबला. “तीन ब्लॉक?”

“सगळ्यांनाच मिळतात. शेजाऱ्यांना तर आमच्या आधी मिळाला.”

“आन् भाडं?”

“भाडं कसलं? उलट अर्धा पगार देतात.”

“काम?”

“काही नाही. नुसतं घरी बसायचं.”

पाहुण्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि आत्याकडे पाहिलं. “आत्याबाई, लय चांगली कंपनी गाठली तुमच्या पोरानं.” आत्याची मान अशी ताठ झाली, जणू कंपनी तिच्याच नावावर होती. “चला तर मग, दाखवा ब्लॉक. चावी कुणाकडं हाय?”

“चावी?” आई म्हणाली.

“कुलपाची.”

“ती वॉचमनकडे असते. आम्हाला गेटच्या आत घेत नाहीत.”

आता मात्र खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी जाणवलं. माझे वडील माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, गप्प बस. शेजारच्या काकू मीठ मागायच्या निमित्ताने दारात येऊन उभ्या होत्या. मला एक सोपा मार्ग दिसत होता : ब्लॉकचं रंगकाम चालू आहे, पुढच्या महिन्यात या. तोंड उघडलं तेही तेच बोलायला. पण मुलगी थेट माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या समोर मला रंगच सुचेना.

“ब्लॉक म्हणजे घर नाही,” मी म्हणालो. “कंपनी महिन्यातले दहा दिवस बंद असते. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. पर्मनंट आहे मी. पण कंपनी पर्मनंट आहे का, ते माहीत नाही.”

आत्याने कपाळाला हात लावला. काकू मीठ विसरल्या.

पाहुणे रागावले नाहीत. शेतातल्या माणसाने ढगाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “म्हंजे बाजार पडलाय तुमचा,” ते म्हणाले. “आमचा बी पडतो. सकाळी कोथिंबिरीच्या जुडीवर लोक भांडतात, दुपारी तीच जुडी गाय खाते. पण आमचा टोमॅटो आज पडला तर चार दिवसांनी उठतो. तुमचा ट्रक कधी उठंल?”

“ते मालकालाही ठाऊक नाही.”

“खरं बोललास, बरं वाटलं,” ते म्हणाले आणि टोपी घालून उठले. “पण पोरीला असं अधांतरी कसं द्यायचं? आत्याबाई, राग मानू नका. चल गं.”

मी चहाच्या कपांकडे बघत राहिलो. आत्या उठली, माझे वडील उठले, आई दाराशी गेली. मुलगी उठली नाही.

“चल की,” तिचे वडील म्हणाले.

“इथं फुलं तोडायला जावं लागतं का?” तिने माझ्या आईला विचारलं.

आई गोंधळली. “नाही गं बाई. दारात एक तुळस आहे, तेवढीच.”

आणि मग आत्या, काकू, दोन्हीकडचे वडील आणि खिडकीशी जमलेली ब्लॉकवरची अर्धी गल्ली ऐकत असताना, ती जोरात म्हणाली, “आबा, पहाटे चारला झेंडू तोडायला उठावं लागणार नसेल ना, तर मला बंद कंपनीतला नवरासुद्धा चालेल!”