कदम सरांना नावेत बसवलं तेव्हा

“वल्ही सोडू नका सर! दोन्ही घट्ट धरा!”

मी काठावरून ओरडत होते. गोदावरीच्या मधोमध, एका माणसाच्या अरुंद नावेत, विद्यापीठाच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष कदम सर ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा सफारी, वरून नारिंगी लाइफ जॅकेट. मान वळवायची सोय नव्हती, कारण मान वळली की नाव डुलायची. समितीचे बाकीचे दोघे मेंबर माझ्याशेजारी उभे. त्यातल्या एकानं फोटोसाठी मोबाइल काढला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं तो खिशात ठेवला.

सर तिथवर कसे पोचले ते सांगते.

मी रोइंगची कोच. परभणी जिल्ह्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “पण खरं काय करता?” सोनपेठजवळ बंधाऱ्यामुळं नदीला लांबलचक शांत पाणी राहतं. विद्यापीठाचा क्लब तिथंच, पत्र्याच्या शेडमध्ये. रेसची नाव लांबीला एसटीच्या जवळपास आणि रुंदीला एसटीच्या एका सीटएवढी. जायच्या दिशेला पाठ करून बसायचं. तोल सगळा दोन वल्ह्यांवर. हँडल सोडून सायकल चालवणारी पोरं मी पाहिली आहेत. वल्ही सोडून कोरडं परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

माझी सगळ्यात जोरदार जोडी म्हणजे वैष्णवी आणि अश्विनी. वैष्णवी पेडगावची, बागायतदाराच्या घरची, तोंडाचा पट्टा सतत चालू. अश्विनी सोनपेठकडच्या खेड्यातली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तीही दोन-तीन हंगाम गेलेली. नव्या पोरींच्या हाताला वल्ह्यानं फोड येतात. अश्विनीच्या हातांची काळजी मला कधी करावी लागली नाही. ती कमी बोलायची. पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही.

राष्ट्रीय कॅम्पची ट्रायल तोंडावर आली होती. नेमकं तेव्हाच समितीच्या मनात आलं, की हा क्लब बंद करून नावा दुसऱ्या केंद्रावर हलवाव्यात. वैष्णवीला घरच्यांनी कुठंही पाठवलं असतं. अश्विनी मात्र त्या हंगामात कोयता घेऊन परत उसात गेली असती. हे तिला माहीत होतं, मलाही.

पाहणीला कदम सर आले. माणूस वाईट नव्हता. जुने कबड्डीपटू, मांड्या अजून दगडासारख्या. त्यांचा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता.

“मॅडम, खेळणारे मोजके. नावेला तडा गेला की दुरुस्तीला पार पुणं गाठायचं. आणि खरं सांगू? बसून हात हलवायचे, यात खेळ कुठं आला?”

“सर, तुमी बसूनच बघा की,” वैष्णवी म्हणाली. चेहरा इतका भाबडा की मी लगेच सावध झाले. तोवर अश्विनीनं सिंगलची नाव पाण्यात सोडलीसुद्धा होती. दोघा मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. कबड्डीपटू माणूस, माघार कशी घेणार?

मी जॅकेट चढवलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले, वल्ही कशी धरायची ते दाखवलं. सरांनी जोर लावला आणि नाव सर्रकन निघाली. अंगात ताकद खरोखरच होती. आठ-दहा हात मारून ते खुशीत मागं वळून बघायला गेले. नाव एका अंगाला कलली. सर जागच्या जागी थिजले. त्यापुढं वाऱ्यानं त्यांना हळूहळू मध्यावर नेलं आणि नाव थांबली.

का थांबली ते आम्हा तिघींना ठाऊक होतं. तिथं पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. नावेच्या तळाला माशाच्या पराएवढी एक पट्टी असते, फिन म्हणतात तिला. ती वाळूत रुतली होती. उंचवट्यावर गढूळ पाणी जेमतेम वीतभर, भोवती कमरेएवढं. सरांना मात्र खाली पाताळ दिसत होतं. “उभे राहा” असं ओरडायची सोय नव्हती, ते नावेतच उभे राहिले असते.

“पोरींनो, जा आणि आणा त्यांना,” मी म्हणाले. “मुकाट्यानं.”

दोघी जोडीच्या नावेत बसल्या, सुंदर हात मारत गेल्या आणि सरांच्या शेजारी नाव लावून थांबल्या. थांबल्या म्हणजे थांबल्याच. पुढचं मला नंतर कळलं, दोघींकडून वेगवेगळं, पण जुळणारं.

“सर, भ्या वाटायलंय का?” वैष्णवी.

“नाही. आधी मला घेऊन चला.”

“चलायचंच हाय की. पण क्लब ऱ्हाणार का जाणार, तेवढं सांगा.”

“ही काय जागा आहे का विचारायची?”

“हापिसात तुमी भेटत न्हाई,” अश्विनी म्हणाली.

सरांनी एकदा पाण्याकडं बघितलं. “ट्रायलपर्यंत काही हलवत नाही. निवड झाली तर क्लब राहील. झालं?”

“शब्द?”

“शब्द!”

त्यावर अश्विनी शांतपणे नावेतून खाली उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. सरांची नाव तिनं वाळूतून मोकळी केली आणि म्हैस पाण्यातून काढावी तशी चालत चालत काठाला आणली. दोघे मेंबर हसून हसून खाली बसले. मी हसले नाही. माझी नोकरी होती.

सर उतरले. सफारी कोरडाठाक. अश्विनीच्या कमरेपर्यंत भिजलेल्या कपड्यांकडं त्यांनी बोट केलं.

“पाणी एवढंच आहे हे तुला ठाऊक होतं?”

“व्हय सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी इचारलंच न्हाई.”

मला वाटलं, संपलं. क्लब गेला, पोरी गेल्या, मीही गेले. सरांनी जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. “मॅडम, या दोघींना कुठंतरी लांब खेळायला पाठवा. परदेशात पाठवा. पण विद्यापीठात ठेवू नका.” आणि मग स्वतःच जे हसायला लागले, ते गाडीत बसेपर्यंत.

शब्द त्यांनी पाळला. ट्रायलला पोरी अशा धावल्या, म्हणजे वल्हवल्या, की दुसरी जोडी बरीच मागं राहिली. कॅम्प झाला, भारताची जर्सी मिळाली. आशियाई पातळीवरच्या पहिल्याच स्पर्धेत दोघी ब्राँझ घेऊन आल्या. अश्विनीच्या आईनं ते पदक दातानं चावून पाहिलं आणि “पितळाचं दिसतंय” म्हणून पोरीच्या गळ्यात परत घातलं. मग मात्र पदर डोळ्याला लावला.

सत्काराला अध्यक्ष अर्थातच कदम सर. “या मुलींसाठी मी स्वतः नदीत उतरलो होतो,” ते भाषणात म्हणाले. सभागृहात सगळ्यात जोरात टाळ्या दोघींनीच वाजवल्या.

हल्ली नवे कोच मला विचारतात, पाहणीला साहेब आले तर काय तयारी करायची? मी सांगते, प्रेझेंटेशन नको, हारतुरे नकोत. त्यांच्या मापाचं एक लाइफ जॅकेट ठेवा.