सिपोराची वर्षं

डोळे मिटतायत, पण मी अजून झोपलेलो नाही. दुपारचे तीन वाजलेत की साडेतीन, सांगता येणार नाही, कारण घड्याळ नोमीने सकाळीच भिंतीवरून काढून ठेवलंय. उपासाच्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो, हे माझ्या लेकीला आवडत नाही. खिडक्या बंद, दार बंद. आज आमचा दारफाळणीचा सण. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. या दिवशी पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, अन्नपाण्याला शिवायचं नाही आणि वर्षभराच्या पापांची माफी मागत बसायचं. ठाण्यातली आमची बाकीची माणसं सिनेगॉगमध्ये आहेत. मला परवा चक्कर आली, म्हणून नोमी माझ्यावर पहारा ठेवायला घरी थांबलीय.

जुनी माणसं सांगायची, की या दिवशी घरातली मेलेली माणसं घरी येऊन जातात. बंद दार बाहेरच्यांसाठी, त्यांच्यासाठी नाही. मी एकतीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होतो. बंद दारातून कोणी आत आलं, तर कुठे चढलात हे विचारल्याशिवाय मला राहवणार नाही.

उपास मी भक्तीने करतो असं समजू नका. न जाणो, देव असलाच तर, म्हणून करतो. माझे वडील छडी हातात घेऊन शिकवायचे: देवाचं भय धरणाऱ्याचं आयुष्य वाढतं, आमच्या पोथीतला शलमोन राजा एवढा शहाणा, त्याने सांगून ठेवलंय. पिकले केस म्हणजे मुकुट, असंही त्याच राजाचं म्हणणं. माझ्या डोक्यावर मुकुटाला जागाच जागा आहे, केस नाहीत. वय एक्क्याऐंशी. आणि माझी बायको सिपोरा, जिने शनिवारचा एक शब्बाथ चुकवला नाही, जी दाराच्या चौकटीवर लावलेल्या देववचनाला हात लावून ओठांना टेकवल्याशिवाय विहिरीवरही गेली नाही, ती छत्तिसाव्या वर्षी काविळीने गेली. राजाच्या शहाणपणावर माझा तेव्हापासून संशय आहे.

त्याहून मोठा संशय दुसरा. ती जायच्या आदल्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. सिपोराने आमच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस केला आणि मी उठून बसलो. वर्षभरात ती आडवी झाली. सुतकाच्या सात दिवसांत आलेली प्रत्येक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आपलं आयुष्य नवऱ्याला देऊन गेली गं." मला ते पटलं. म्हणजे मी आयत्या बिळावर नागोबा. नोमी तेव्हा सहा वर्षांची. तिने विचारलं, आई का गेली? मी म्हणालो, "तुझ्या आईने तिची वर्षं मला दिली."

ती म्हणाली, "आणि मला?"

मी दिव्यात तेल घालायला उठलो. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय. ती माझं सगळं करते, गोळ्या, डबा, दवाखाना. पण आईचा फोटो तिने तिच्या खोलीत कधी लावू दिला नाही.

आतल्या खोलीतून नोमीचं प्रार्थना पुटपुटणं ऐकू येतं. ते हळूहळू इंजिनच्या घरघरीत मिसळतं. खाटेची कड माझ्या हातात होती, तो आता गाडीतला वरचा दांडा आहे. मी उभा आहे. अंगात खाकी कोट. अलिबाग-रेवदंडा गाडी, सगळे प्रवासी पांढऱ्या कपड्यांत, आणि एकही माणूस बोलत नाही. गाडीत एवढी शांतता असली की समजावं, कोणीतरी फुकट्या आहे.

"तिकीट," मी म्हणतो.

तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, सिपोरा बसली आहे. छत्तीस वर्षांची. ती बाहेर बघतेय.

"बाई, तिकीट दाखवा."

"अहो, ओळखलं नाहीत?"

ओळखलं. म्हणूनच मी एक पाऊल मागे सरतो. मेलेलं माणूस स्वप्नात आलं तर तीनच कारणं असतात, काही द्यायला, काही मागायला किंवा न्यायला. दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये, आणि न्यायला आलं तर खाटेला घट्ट धरून ठेवावं. मी दांडा घट्ट धरतो.

"तू सिपोरा कशावरून? लग्नाच्या दिवशी माझ्या बुटात काय निघालं होतं?"

"बूट होतेच कुठे? भावाच्या चपला घालून आला होतात. डावी निसटत होती."

बरोबर. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाही. पण माझ्याच स्वप्नात माझीच गोष्ट बाहेर पडायला असा कितीसा वेळ लागणार? मी तिच्याकडे तिरकं बघत राहतो.

"न्यायला आलीस?"

"तुम्हाला? नेऊन काय करू? तिथेही सगळ्यांची तिकिटं बघत फिराल."

ती हसते. हसताना नाक मुरडायची तिची सवय मी विसरलो होतो. मग ती उठून गाडीच्या पायरीवरून उतरते आणि मी तिच्या मागे पाय खाली ठेवतो तो नागावच्या आमच्या परसात. रहाटाची विहीर, सुपाऱ्या, पाण्याची दगडी डोण. सिपोरा पाटावर बसून परातीत मलिदा कालवतेय. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची. बाजूला ताटात केळी आणि खजूर. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागतात.

"आज उपास आहे," मी म्हणतो.

"तुमचा. माझे उपास संपले." ती वर न बघता विचारते, "पोरीला काय सांगितलंत?"

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालतो. "हे मागणं आहे की नुसतं विचारणं?"

"रहमीम."

आयुष्यात तिने मला नावाने एकदाही हाक मारली नव्हती. मी सगळं सांगून टाकतो. नोमीचा प्रश्नही सांगतो. परातीतला तिचा हात थांबतो.

"मी वर्षं दिली, हे तुम्हाला कोण म्हणालं?"

"सगळ्या म्हणत होत्या. तू नवस केलास, मी उठलो, आणि मग तू..."

"नवसात काय मागितलं, ते ऐकायला होतात?"

"मी बेशुद्ध होतो."

"मग तपासणी न करताच दंड लावलात." ती खोबऱ्याचे हात झटकते. "तीन गोष्टी मागितल्या मी. तुमचा ताप उतरू दे. नोमीचे पुढचे दात सरळ येऊ देत. आणि मला म्हातारी होऊ दे."

विहिरीत काहीतरी पडल्याचा आवाज येतो.

"दात सरळ आले का?" ती विचारते.

"एक वाकडा आहे. वरचा."

"मग तीनपैकी एकच मिळालं म्हणायचं," ती म्हणते, आणि पुन्हा पोहे कालवायला लागते.

खरं सांगतो, मला आधी रागच येतो. एका बाईने माझ्यासाठी मरण पत्करलं, या गोष्टीचं मला ओझं होतं, तसा मनातल्या मनात थाटही होता. लग्नाकार्यात लोक सिपोराचं नाव काढायचे आणि मी मान खाली घालायचो, तेव्हा ते मला अगदीच वाईट वाटत नव्हतं. आता ही म्हणते, तसं काही नव्हतं. मग मला लाज वाटते. त्या थाटापायी मी एका सहा वर्षांच्या पोरीला सांगून बसलो होतो, की तुझ्या आईने तुझ्यापेक्षा मला निवडलं.

"खरं बोलतेस ना?" मी विचारतो. "का मला बरं वाटावं म्हणून?"

"तुम्हाला बरं वाटतंय का?"

"नाही."

"मग?"

मी विहिरीच्या कठड्याला टेकतो. कठडा गार आणि लोखंडी आहे. तो दवाखान्यातल्या पलंगाचा आहे. भिंती हिरव्या, कोपऱ्यात औषधाचा वास. सिपोरा पलंगावर बसली आहे, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि मांडीवर तेच खजुराचं ताट. मला तिथून पळून जावंसं वाटतं. शेवटच्या दिवशीही मी तसाच पळालो होतो, चहा प्यायला म्हणून. परत आलो तेव्हा ती नव्हती.

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी देवाशी भांडत होते," ती म्हणते.

"तू? भांडलीस? तू तर त्याला एवढी भ्यायचीस."

"भ्यायचे म्हणून काय झालं? त्याला म्हटलं, माझी पोर सहा वर्षांची आहे, हे बरं नाही. तोंडावर सांगितलं."

"काय म्हणाला?"

"त्याने ऐकून घेतलं. दुसरं कोणी ऐकत नव्हतं तेव्हा."

मी तिच्या पायाशी बसतो. इतक्या वर्षांचं तोंडाशी येतं ते मी अडवत नाही. "मग राजा खोटं बोलला. भय धरलंस तू, आणि वाढलं माझं आयुष्य. सगळा कारभार उलटा."

"राजा म्हातारा होता. चारचौघांत बघितलेलं त्याने सांगितलं. जपून राहणारी माणसं बहुतेक टिकतात. माझी आजी नव्वद वर्षं जगली की तशीच. पण कावीळ काही पोथ्या वाचून येत नाही."

"मग भय कशाला धरायचं?"

ती ताटातले खजूर एका बाजूला सारते. आता मला उगाच वाटतं, ही काहीतरी ठरवून आली आहे. तपासनिसाला लपवलेलं कळतं.

"नोमी झाली तेव्हा सुईणीने तिला माझ्या हातात दिलं," ती म्हणते. "माझे हात लटलट कापायला लागले. आठवतं? तुम्ही दारातून ओरडलात, अगं नीट धर. कोणी मारेल म्हणून कापत होते का मी? एवढं मोठं आपल्या हातात दिलंय, पडलं तर, म्हणून कापत होते. मला देवाचं भय वाटायचं ते तसलं. तुमच्या वडलांचं भय छडीचं. आणि तुमचं म्हणजे बिनतिकिटाच्या माणसाचं, चेकर कुठल्या स्टॉपला चढतोय याचं."

मला रडू येतं. मी रडतो. त्रेचाळीस वर्षं बिनतिकीट बसलेल्या माणसाला कोणी म्हणावं, की बाबा, ही जागा तुझीच होती, तसं काहीतरी होतं. पण त्यात आनंद नाही. माझी वर्षं माझीच होती, तर ती मी अशी मान खाली घालून का काढली?

सिपोरा ताटातला एक खजूर उचलते. मोठा, काळसर, चिकट.

"हा नोमीला द्या. आणि सांगा, आईला म्हातारी व्हायचं होतं. तिच्या घरात खुर्ची टाकून बसायचं होतं आणि तिच्यावर खेकसायचं होतं."

मी हात पुढे करतो. खजूर माझ्या तळव्यावर येतो. दिलं तर घ्यावं, इथवर ठीक. पण मेलेल्याच्या हातचं खावं की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आणि हे खायचंय नोमीला. माझं डोकं लगेच चालायला लागतं. ही खरंच सिपोरा असेल कशावरून? सिपोराचं रूप घेऊन दुसरंच कोणी आलं असेल तर? न्यायलाच आलं असेल, आणि मला नव्हे, पोरीला?

"काय झालं?" ती विचारते.

"काही नाही," मी म्हणतो. "आधी मी खाऊन बघतो."

आणि मी खजूर तोंडात टाकतो. म्हाताऱ्याला काय, एक्क्याऐंशी झाली. काही व्हायचं असेल तर मला होऊ दे. खजूर इतका गोड आहे की कानामागे कळ येते. सिपोरा माझ्याकडे बघत राहते. मग नाक मुरडून हसते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि म्हणते, "अहो, तिचा होता तो."

"पपा. पपा, उठा. घाम किती आलाय तुम्हाला."

नोमी माझ्यावर वाकली आहे. पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर आलीय. माझ्या गालात काहीतरी टोचतंय. मी ते जिभेने पुढे ढकलतो आणि हातावर घेतो. खजुराची बी. ओली, तिला अजून थोडा गर चिकटलेला.

नोमी बघते. तिच्या कपाळाला आठ्या पडतात.

"उपास मोडलात?"

"मोडला."

"कुठून आणलात?" ती स्वयंपाकघरात जाते, डबे उघडते, फ्रीज उघडते आणि परत येते. "घरात खजूर नाही. उपास सोडायला आणायचा राहिला म्हणून मीच काल हळहळत होते. खरं सांगा, कोणी दिला?"

ही संशयी नजर तिने माझ्याकडूनच घेतली आहे. मी उठून बसतो. तोंड अजून गोड आहे, खोटं बोलता येत नाही.

"तुझा होता," मी म्हणतो. "मी खाल्ला. निरोप तेवढा राहिलाय." आणि मी तिला सांगतो. नवसातल्या तिन्ही गोष्टी सांगतो. वर्षं कोणी कोणाला दिली नव्हती, ते मी बायकांचं ऐकून बोललो होतो, हे सांगतो. दवाखान्यातलं भांडण सांगतो. खुर्ची टाकून खेकसायचं होतं, तेही सांगतो.

ती उभीच असते. मग माझ्या कपाळावरचा घाम पुसते.

"तुमची साखर उतरली असेल," शेवटी ती म्हणते. "भास झाला असेल."

"असेल."

ती माझ्या हातातली बी उचलते, तिरिपेत धरते, उलटीसुलटी करून बघते. एकोणपन्नास वर्षांची, शाळेतली मुलं जिला घाबरतात ती माझी लेक खाली जमिनीवर बसते आणि खाटेच्या कडेला डोकं टेकते. बी तिने मुठीत घट्ट धरली आहे.

"माझ्यासाठी भांडली?"

"हो."

"परत सांगा," नोमी म्हणते.