नाव न घेता

पावागड चढताना चिटणीसकाका कोणाला मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत. "हळू रे, हळू! दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आरडाओरडा करतो का आपण?" असं दटावायचे. कोणी मोबाइल काढला की लगेच, "फोटो मग. आधी पाणी कुठे असेल ते सांग." आम्ही अकोट्यातले, गुजरातीमिश्रित मराठी बोलणारे शेजारी. दर हिवाळ्यात निमूट त्यांच्यामागून चालायचो आणि त्यांची पाठ वळली की खुसुखुसू हसायचो.

हे खूळ त्यांनी अमेरिकेतून आणलं होतं. मुलाकडे अ‍ॅरिझोनात राहायला गेले असताना तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, अपाची जमातीतल्या एका म्हाताऱ्याशी त्यांची गट्टी जमली. उघडेबोडके तापलेले कडे, निवडुंगाची रानं, आणि त्यात नेमका झरा शोधून काढणारा तो दोस्त! त्याच्या पूर्वजांना सैन्यानं आगगाडीत कोंबून दूरच्या दमट मुलखात कैदेत ठेवलं होतं. कित्येक लेकरं तिथेच खोकून खोकून मेली. हे सांगून काका, "आपला डोंगर पुन्हा लांबूनसुद्धा दिसू नये, म्हणजे काय रे हे?" म्हणायचे.

मग एक दिवस मुलाचा फोन आला. दोस्त गेला होता. त्या दिवसापासून काकांनी त्याचं नाव घेणं सोडलं. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, ही त्याच्या जमातीची रीत. म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

पण सर्वपित्री अमावास्येला काका हटून बसले, दोस्ताला पाणी द्यायचंच.

गुरुजी म्हणाले, "ठीक आहे, गोत्र माहीत नाही तर काश्यप धरू. नाव?"

"नाव घेणार नाही."

"अहो साहेब, नावाशिवाय पाणी पोचायचं कोणाला?"

काका अगदी रडवेले झाले. नाव घ्यावं तर मित्राची रीत मोडते, न घ्यावं तर मित्र तहानलेला राहतो. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

वडे तळता तळता काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गुरुजी, मी ह्यांना जन्मभर नाव न घेता हाक मारली ने? कधी भलताच माणूस आला का?"

गुरुजी हसले. "चालो, सोडा पाणी." काकांनी डोळे मिटून पाणी सोडलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

गेल्या वर्षी काका गेले. वर्षश्राद्धाला मुलगा आला. गुरुजींनी वडिलांचं नाव घ्यायला सांगितलं आणि तो "बाबा, बाबा" एवढंच म्हणत राहिला. आमच्यापैकी कोणी तरी सांगणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या काकू हाक मारावी तशा म्हणाल्या, "माधव."

मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.