उजव्या मडगार्डचा कागद

दादा गेल्यावर त्याची जुनी स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी, लग्न केलं नाही, आणि सगळा जीव त्या बसक्या, दोन माणसांच्या गाडीत. इकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीला, आमच्या इमारतीच्या तळघरात ती उभी असायची. एका पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं. उताराकडची डावी बाजू तीन दिवस पाण्यात राहिली आणि वर्षभरात डावं मडगार्ड पापडासारखं झालं. बोट लावलं की तुकडा हातात.

ही गाडी बनवणारे कारखाना बंद करून केव्हाच गेले. पुदुपेटच्या भंगारबाजारात मी दोन शनिवार फिरलो. दार मिळालं, आरसा मिळाला, मडगार्ड काही मिळालं नाही. शेवटी एक दुकानदार म्हणाला, असा गोल पत्रा ठोकून देणारा आता एकच म्हातारा उरलाय. हल्ली तो असली कामं घेत नाही म्हणतात, पण विचारून बघा. त्याने गल्ली सांगितली. मला ती माहीत होती. खरं सांगायचं तर तिथे जावं लागू नये म्हणूनच मी दोन शनिवार भटकत होतो.

म्हातारा तंजावरकडचा मराठी. त्याचे पूर्वज तिनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले, आणि त्याच्या बोलण्यात ती वर्षं अजून आहेत, मध्ये मध्ये तमिळ पेरून. वीस वर्षांपूर्वी दादाबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याला ‘काका’ म्हणालो होतो. समोरचा चहावाला खो खो हसला.

“तंबी, काका म्हणू नको,” म्हातारा म्हणाला. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. “इकडे काक्का म्हणजे कावळा. मामा म्हण. मामा दोन्हीकडे मामाच.”

तेव्हापासून मामा.

त्या वेळी मामांनी दादाच्या गाडीला नवं उजवं मडगार्ड करून दिलं होतं. दादा रोज संध्याकाळी त्यावरून हात फिरवायचा. मग तो आठ दिवस साताऱ्याला गेला, आणि जाताना बजावून गेला, गाडीला हात लावायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी ती जवळच्या कोवलमला, समुद्रावर नेली. मासळीच्या टोपल्या चुकवताना उजवी बाजू विजेच्या खांबावर गेली. कुणाला लागलं नाही. रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने साखळी लावून पत्रा ओढला, पुट्टी भरली, भोकं जुळेनात म्हणून नवी पाडली, रंग मारला. लांबून काही कळत नव्हतं.

दादाला जवळून कळलं. बॉनेटशेजारची फट पुढे निमुळती झाली होती. मामांचा पत्रा पंधरा दिवसांतच बसला असं समजून तो मला सोबत घेऊन थेट त्यांच्याकडे गेला. चहावाला, समोरचा वेल्डर, दोन-तीन गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर म्हणाला, “कण्णु पोच्चु.” तुमची नजर गेली, हत्यारं ठेवा आता. मामा ठोकून बघायला वाकले तर दादाने त्यांचा हात बाजूला केला. मी गाडीच्या पलीकडे उभा होतो. पाच-सहा मिनिटं चाललं असेल ते. तेवढ्यात एक वाक्य बोलायला पुष्कळ वेळ होता.

नंतरही होता. दादाशेजारी मी वीस वर्षं जेवायला बसलो.

आता गाडी बघून मामांनी मला ओळखलं. अण्णा, म्हणजे दादा, कसे आहेत, विचारलं. गेले म्हटल्यावर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. “गोल पत्रा मी सोडला, तंबी,” म्हणाले. “बसचे सपाट पत्रे ठोकतों. पण या गाडीवर एकदा पाहतों. जमलं तर जमलं. नाही तर अण्णा बोलले तसं, हत्यारं देऊन टाकतों.”

डाव्यासाठी नमुना हवा, तो उजव्यावरून घ्यायचा. उजव्या मडगार्डवर खाकी कागद चापून बसवायचा, कडा आखायच्या, कागद उलटा केला की डावं तयार. कागद लावताना मामांनी उजवं एकदाही ठोकून पाहिलं नाही. “हें माझ्या हातचं,” म्हणाले. “यास काय तपासायचं?”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने त्यांनी पत्र्याला पोट आणलं, मग हातोडीने गुळगुळीत केला. सुंदर झालं होतं. गाडीला लावलं तर एकाही भोकाला भोक जुळेना. डावी बाजू सरळ होती. वाकडा होता तो कागद. मामांनी दुसरा पत्रा घेतला, त्याच कागदावरून आखला, आठवडा घातला. पुन्हा तेच.

तिसऱ्या शनिवारी गेलो तर ते नुसते बसून होते. मोगऱ्या आणि हातोड्या एका फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या.

“वेल्डर मागत होता, त्यास देतों,” म्हणाले. “अण्णा बोलले तें खरंच होतं, तंबी. मी उगीच इतकी वर्षं मनांत रागावलों त्यांवर. तेव्हांच नजर गेली होती. मजच कळलं नाही.”

मी म्हणालो, “मामा, उजवं ठोकून बघा.”

“कां?”

“बघा तर.”

त्यांनी बोटाच्या पेराने ठोकत नेलं. टण, टण, टण, आणि दिव्याच्या मागे आल्यावर ढप. पुन्हा ढप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं: कोवलम, खांब, साखळी, पुट्टी. शुद्ध मराठीत, एका दमात. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

मामा बराच वेळ पुट्टीवर नख घासत होते. “अण्णांस सांगितलास?”

“नाही.”

“तें राहिलं मग.” ते उठले. मला वाटलं, झालं. तर त्यांनी चहावाल्याला हाक मारली, वेल्डरला हाक मारली, आणि मला म्हणाले, “आतां तमिळांत सांग.”

“मामा, माझं तमिळ...”

“मराठी इथे तुज आणि मजच कळतं. अण्णा त्या दिवशी तमिळांत बोलले होते.”

वीस वर्षं या शहरात काढून माझं तमिळ रिक्षा आणि भाजीपुरतं. दोघे हात पुसत समोर उभे राहिले. दोघेही आता पांढरे झालेले, आणि तो दिवस दोघांनाही आठवत होता, ते दिसलंच. मी अडखळत सुरुवात केली. कोवलमपर्यंत आलो, खांबापर्यंत आलो. “वंडी इडिच्चिडुच्चु,” म्हणालो. गाडी धडकली.

चहावाला हसला. माझ्या उच्चाराला असेल. मामा हसले नाहीत.

“इडिच्चिडुच्चु म्हणजे आपोआप झालं,” ते म्हणाले. “इडिच्चेन म्हण.”

इडिच्चेन म्हणजे मी धडकवली. मराठीत सांगतानाही मी ‘गाडी खांबावर गेली’ असंच म्हणालो होतो, ते तेव्हा लक्षात आलं. दादा विचारता तर त्यालाही तसंच सांगितलं असतं.

“नान् इडिच्चेन,” मी म्हणालो.

“जोरानें. वेल्डरास कमी ऐकू येतं.”

मी पुन्हा म्हणालो. वेल्डरने मान हलवली, मामांच्या फडक्याकडे पाहिलं, आणि काही न मागता रस्ता ओलांडून गेला. मामांनी खाकी कागदाच्या चार घड्या करून चहावाल्याच्या शेगडीत टाकला. मग फडक्यावरची हातोडी उचलली आणि लोखंडी ठोकळा माझ्या हातात दिला.

“उजव्याच्या आंतून धर. घट्ट. आधी हें सरळ करूं, मग डावं.”

मी चाकाशेजारी उकिडवा बसलो, हात आत घातला आणि ठोकळा पत्र्याला टेकवून धरला.